घोगऱ्याचा पाय

४ जून

डावखुऱ्या,

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहिणार होते, पण रोपांची नावं वाचता वाचता कंटाळा आला, हे खरं सांगते. तुझ्या नर्सरीत काय उगवलं आणि काय कुजलं ह्यापलीकडे तुला जगात काही दिसत नाही का? अक्षर मात्र सुधारलंय. उजवा हात गेला तेव्हा डाव्याला वळण लागावं म्हणून डॉक्टरांनी तुला पत्रं लिहायला लावली, आणि ते तुझं औषध मला आजवर गिळावं लागतंय.

आज माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. खाली बस आणि मग वाच.

सकाळी आमच्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत एक नवा माणूस आला. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. साखरेच्या आजाराने सडला होता. मी जमिनीवर बसून प्लास्टर कालवत होते, मान वर केली नव्हती. तो वस्तादांना म्हणाला, "लवकर आटपेल ना? मला ताटकळायची सवय नाही." आणि माझे हात बादलीत तसेच राहिले. तो आवाज मी चौकशीच्या खोलीत बाबांच्या शेजारी बसून ऐकलाय. घसा खरवडल्यासारखा. "पोरगा पिऊन आला होता, साहेब. तोंडाला वास येत होता. जाळी त्यानेच काढली असणार."

हो. घोगऱ्या. तुझा फोरमन.

काम भरभर व्हावं म्हणून कारखान्यातल्या प्रेसची हात वाचवणारी जाळी तुम्हाला काढायला लावणारा, आणि तुझा हात मशीनखाली गेल्यावर तुलाच दारुडा ठरवणारा. तोपर्यंत तू थेंबाला शिवला नव्हतास. बाबा त्या खोलीतून बाहेर पडले ते तुझ्याशी एक शब्द न बोलता, आणि पुढे मरेपर्यंत बोलले नाहीत. तुला आठवत असेलच, मीच काय सांगते.

त्याने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? तेव्हा मी कोपऱ्यातली मुलगी होते. आता लग्नानंतरचं आडनाव आणि अंगावर प्लास्टरने भरलेला एप्रन. वस्ताद म्हणाले, "पोरी, ह्यांचा पाय तू कर. नाजूक कातडी आहे, तुझ्याच हातात दिलेली बरी."

माझ्याच हातात. कळलं ना तुला?

ताई


१२ जून

ताई,

डाव्या हाताचा नमस्कार, चालवून घे.

पत्र वाचून मी हसलो. मोठ्याने हसलो. नर्सरीच्या मालकीणबाई गुलाबांना पाणी घालत होत्या, त्यांनी वळून पाहिलं. त्याचा पाय सडून कापला गेला हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, एखाद्या पोराने खाऊचा कागद चाटावा तसं. तुझ्यापाशी कशाला लपवू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. माझा हात त्याने मशीनमध्ये घातला आणि बाबांना माझ्यापासून तोडलं. त्याचा एक पाय गेला तर हिशोब अर्धासुद्धा फिटत नाही.

पण संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं बिघडलं. तुझी शेवटची ओळ मनात घोळत राहिली. "माझ्याच हातात." ताई, ती ओळ मला ओळखीची वाटली. मी असंच बोलायचो.

तू त्याचं काम दुसऱ्या कुणाला दे. वस्तादांना सांग, मला जमणार नाही. कारण सांगायचं नसेल तर पाठ धरली म्हण. पण त्याच्या पायाला हात लावू नकोस.

तुझा डावखुऱ्या


१९ जून

डावखुऱ्या,

हसलास हे वाचून आनंद झाला. पुढचं वाचून नाही.

पाठ धरली म्हणू? इतकी वर्षं मी हे काम करते आहे. एकाही माणसाला मी "जमणार नाही" म्हटलेलं नाही, आणि पहिल्यांदा म्हणायचं ते घोगऱ्याला? त्याच्यामुळे मी माझ्या कामावरून उठायचं? वा रे वा. मी काही त्याला मारायला निघालेली नाही. मला राग येतो, तो मी घरी ठेवते आणि मग कामावर जाते. माझा माझ्यावर ताबा आहे. उलट मला बघायचंय, मी किती घट्ट आहे ते. त्याचा पाय मी असा करीन की तो धावेल, आणि मग एक दिवस त्याला सांगीन मी कोण ते. ह्याहून मोठी चपराक कुठली?

काल साचा घेतला. तुला आवडत असे म्हणून सांगते. उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवायचा. मग जांभळी पेन्सिल ओली करून मोज्यावर खुणा करायच्या: कातडीखाली हाड कुठे लगेच लागतं तिथे. त्यावर ओलं प्लास्टर गुंडाळलं की खुणा प्लास्टरच्या आतल्या बाजूला उमटतात, आणि त्यात ओतलेल्या साच्यावरही. ज्या जागी खूण, त्या जागी साच्यावर भर घालायची, म्हणजे सॉकेटमध्ये, पाय बसतो त्या कपात, तिथे जागा सुटते आणि हाड घासत नाही. जिथे मांस जाड आहे तिथे कानस मारून साचा उतरवायचा, कारण वजन तिथे पेलायचं असतं. सगळी करामत ह्या खुणांची.

तो टेबलावर पाय सोडून बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. मी बोटाने नडगीचं टोक दाबलं. म्हटलं, दुखतं का? म्हणाला, "काही कळत नाही बाई तिथे. सुई टोचलीत तरी कळायचं नाही." साखरेच्या माणसांचं असंच असतं.

नडगीच्या टोकाची खूण जरा फिकट उमटली आहे. कानस मारताना बघून घेईन.

ताई


२७ जून

ताई,

फिकट उमटली म्हणजे काय? तुझी खूण कधी फिकट उमटलेली मला आठवत नाही. तू त्या पेन्सिली जपतेस त्या काय शोभेला?

तुला एक गोष्ट सांगतो, जी तुला अर्धीच माहीत आहे. घोगऱ्याने मला दारुडा म्हटलं आणि पुढच्या वर्षभरात मी खराच दारुडा झालो, हे तुला माहीत आहे. मी सोडायला किती वेळा बसलो हेही माहीत आहे. पण खिडकीतल्या बाटलीचं मी कधी सांगितलं नाही.

एकदा मी ठरवलं की मी माझ्या जिवावर सोडणार. आणि स्वतःला दाखवायला म्हणून एक न फोडलेली बाटली आणून खिडकीत ठेवली. रोज कामाला जाताना तिच्याकडे बघायचं आणि छाती काढून बाहेर पडायचं. आपण किती घट्ट आहोत! लोकांनाही दाखवायचो, बघा, समोर आहे आणि शिवत नाही. ज्या दुपारी ती फोडली त्या दुपारी काहीसुद्धा झालं नव्हतं. ना भांडण, ना दुःख. मी फक्त तिच्याकडे बघायला गेलो होतो. ताई, मी ती बाटली आणून ठेवली तेव्हाच प्यायलो होतो. तोंडाला लावायची तेवढी राहिली होती.

तू घोगऱ्याला खिडकीत ठेवलंयस.

"माझा माझ्यावर ताबा आहे" हे वाक्य जगात फक्त आमच्यासारखे लोक बोलतात. ज्यांचा खरंच ताबा असतो त्यांना ते बोलावं लागत नाही.

काम सोड. अजून वेळ आहे. आणि देवाला सांग. हसू नकोस.

डावखुऱ्या


१० जुलै

डावखुऱ्या,

तुझं प्रवचन पोचलं. देवाला ह्यात आणू नकोस. बाबा रोज संध्याकाळी डोळे मिटून बसायचे आणि शेजारच्या खोलीत तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास. देवाने त्यांना उठवून तुझ्या खोलीत पाठवलं का? त्या वेळी कुठे गेला होता तो? आता मी माझं काम करते आहे तर म्हणे देवाला सांग.

पाय तयार झाला. परवा घोगऱ्याला दोन दांड्यांच्या मधे चालवून बघितलं. चालला. दांड्या सोडून चालला. चेहरा असा उजळला की बघवेना. म्हणाला, "बाई, तुमच्या हातात जादू आहे. मला तर वाटतच नाही पाय घातलाय." वाटणार कसं?

पुढच्या मंगळवारी घेऊन जाईल. वस्तादांची सही तेवढी व्हायची आहे, आणि ती काय, होऊन जाते. झालं तुझं समाधान?

घरी सगळे बरे आहेत. ह्यांचा खोकला गेला. पाणी दोन दिवस नव्हतं, आता आहे.

ताई


१५ जुलै

ताई,

कातडीचं काय?

आजवर तुझं एकही पत्र आलेलं नाही ज्यात तू पाय दिलास आणि कातडीबद्दल लिहिलं नाहीस. "माणूस हसला त्याला काही अर्थ नाही, पाय काढल्यावर कातडी काय सांगते तो खरा निकाल." हे तू मला इतक्यांदा ऐकवलंयस की मी झोपेत म्हणून दाखवीन. ह्या वेळी त्याचा चेहरा उजळला, ह्यांचा खोकला गेला, नळाला पाणी आलं. कातडीबद्दल अक्षर नाही.

तू ती खूण केलीच नाहीस ना?

मला माहीत आहे पुढे काय होतं, तूच शिकवलंयस. हाड आतून घासत राहील. त्याला कळणार नाही. जखम होईल, चिघळेल, आणि ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी डॉक्टर गुडघ्याच्या वर कापतील. किंवा त्याआधीच विष अंगभर पसरेल. आणि कुणी म्हणणार नाही की पाय चुकला. म्हणतील, साखर होती.

खरं सांगू? हे लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. माझ्यातला एक जण म्हणतोय, राहू दे, सडू दे, कशाला तिला अडवतोस. म्हणून हे पत्र मी पहाटेच्या नळापाशी बसून लिहितोय, कारण तिथे मी जरा बरा असतो.

त्याच्या एका खोट्याने मी दारुडा झालो. आता ह्या पायाने तू काय होशील, ह्याचा विचार कर. आणि ते माझ्या नावाने होशील. मला नको ते.

देवाबद्दल तू विचारलंस, बाबांना का पाठवलं नाही. मला माहीत नाही. ते मलाही त्याला विचारायचं आहे. पण मी काय करतो ते सांगतो. पूर्वी मी म्हणायचो, देवा, मला बळ दे. बळ मिळालं की मी ते घेऊन दुकानापर्यंत चालत जायचो. आता बळ मागत नाही. नळापाशी तोंड धुतो आणि म्हणतो, "देवा, मी आज पिणार आहे. माझ्याच्याने राहवणार नाही. तू बघ." एवढंच. ठरवत काही नाही, वचन काही देत नाही. आणि दिवस जातो. कसा जातो मला सांगता येत नाही. कधी नेमकी मालकीणबाई हाक मारतात, कधी मीच उलट्या रस्त्याने घरी येतो आणि आल्यावर लक्षात येतं.

तू तुझ्यावर भरवसा ठेवू नकोस. तुझ्यावर भरवसा ठेवण्यासारखं सध्या काही नाहीये. मी भाऊ म्हणून सांगतोय.

हे पत्र मंगळवारच्या आत पोचो.

डावखुऱ्या


१९ जुलै

डावखुऱ्या,

पोचलं. सोमवारी.

आधी तुला शिव्या घातल्या. मोठ्याने, स्वयंपाकघरात, हे आत येऊन बघून गेले. ह्याचा हात गेला, ह्याचा बाप गेला, आणि हाच मला सांगणार सोड म्हणून! मग तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, ह्याचा आणखी राग आला.

खूण मी केली नव्हती. विसरले नव्हते. पेन्सिल ओली केली, नडगीच्या टोकाशी नेली आणि परत आणली. इतकं सोपं होतं. साच्यावर तिथे भर घातली नाहीच, वर कानसेचे हात मारले. सॉकेटच्या आत बोट फिरवलं तेव्हा तो उंचवटा लागला आणि मला गोड वाटलं. हे तुला सांगायला लाज वाटत नाही, म्हणजे किती खाली गेले होते बघ. चाचणीच्या दिवशी पाय काढला तर नडगीवर लालभडक डाग. दाबला तरी जाईना. त्याने खाली बघायच्या आत मी मोजा वर ओढला.

आमच्याकडे एक नियम आहे: ज्याने पाय केला त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्याने आत बोटं घालून, माणसाला चालवून, कातडी बघून सही करायची. पण माझे पाय कुणी तपासत नाही. "हिचा आहे ना? मग आणा," म्हणून वस्ताद उभ्या उभ्या सही करतात. ह्याचा मला केवढा अभिमान होता. माझा हात म्हणजे शिक्का. तोच शिक्का मी घोगऱ्यावर मारणार होते.

मंगळवारी तो आला. नवा शर्ट घालून आला होता, पायाचं लग्न असल्यासारखा. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून पाय चढवत होते. त्याच्यापुढे गुडघ्यांवर! डोक्यात नुसती आग. तुझं पत्र एप्रनच्या खिशात होतं. आणि मी तुझी चेष्टा करायला म्हणून, खरंच चेष्टा करायला, मनात म्हटलं: देवा, मी ह्याचा पाय सडवणार आहे. माझ्याच्याने थांबवणार नाही. तू बघ.

काही झालं नाही. मला बरं वाटलं नाही, दया आली नाही, डोळ्यात पाणी नाही. मी पट्टा आवळला. घोगऱ्या उभा राहिला. वस्ताद पेन उघडत आले, म्हणाले, "कुठे करू सही?"

आणि मी म्हटलं, "वस्ताद, हा तपासा."

ते हसले. "तुझा काय तपासायचा?"

"आत बोटं घाला. नडगीच्या जागी."

डावखुऱ्या, हे मीच बोलले. आवाज माझाच होता. पण मी ठरवलं नव्हतं, गळ्याशपथ. मी जे ठरवलं होतं ते बरोबर उलटं होतं, आणि तेही आवळलेल्या पट्ट्यासकट पुरं झालं होतं. ह्यात माझा काडीचाही मोठेपणा नाही. मी एवढंच केलं की चेष्टेत का होईना, मला जमणार नाही हे खरं सांगितलं.

वस्तादांनी पाय उतरवला आणि बोटं आत घातली. त्यांना क्षणात कळलं. नवशिकासुद्धा अशी चूक करत नाही, म्हणजे ही चूक नव्हेच, हेही कळलं. माझ्याकडे बघितलं नाही. घोगऱ्याला म्हणाले, "आज देता येत नाही. सॉकेटला चीर आहे. नव्याने करावा लागेल." तो खवळला, काठी आपटली, म्हणाला तुमच्यासारखे कामचुकार आपण आपल्या काळात सरळ केले असते. आणि गेला.

मग वस्ताद मला मागच्या खोलीत घेऊन गेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी सॉकेट शिकंज्यात धरलं, हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू फोड." फोडलं. म्हणाले, "आता त्याचं काम मी घेऊ?" मी म्हटलं, "घ्या." म्हटलं बाबा एकदाचं. पण पेन्सिल धरताना आता त्यांचा हात थरथरतो, खुणा सरळ येत नाहीत. तेव्हा असं ठरलं की हात माझा, पण ते शेजारी बसणार, आणि प्रत्येक खुणेवर त्यांचं बोट आधी फिरणार. मी मुकाट्याने कबूल केलं. पूर्वीची मी असते तर नोकरी सोडली असती.

पाय व्हायला वेळ लागेल. पुढचं मग कळवते.

ताई


२२ ऑगस्ट

डावखुऱ्या,

घोगऱ्या काल पाय घेऊन गेला. चांगला पाय आहे. कातडी स्वच्छ होती, कुठे डाग नाही. वस्तादांनी तपासली, मग मीही बघितली, मग पुन्हा त्यांनी.

आता जे लिहिते ते कसं लिहू कळत नाही. पण तुझ्यापासून लपवायचं नाही असं ठरलंय.

पट्टे लावून झाल्यावर मी त्याला सांगितलं. वस्ताद तिथेच होते. म्हटलं, "मला ओळखलंत?" म्हणाला नाही. म्हटलं, "तुमच्या प्रेसवर ज्या पोराचा उजवा हात गेला, त्याची मी बहीण."

तो म्हणाला, "कुठला पोरगा?"

मी तुझं वर्णन सांगितलं. पातळ अंग, कुरळे केस, सारखा शीळ घालायचा. त्याने खरंच आठवून बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते, लबाडी दिसली असती तर मला बरं वाटलं असतं. नव्हती. म्हणाला, "प्रेसवर बऱ्याच जणांचं काही ना काही गेलं, बाई. नाही आठवत."

मी म्हटलं, "तुम्ही चौकशीत सांगितलंत, तो पिऊन आला होता."

म्हणाला, "ते होय? ते तर आम्ही सगळ्यांच्याच वेळी सांगायचो. पद्धतच होती तशी."

आणि उठून चालायला लागला. माझ्या पायावर. दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "पाय मात्र झकास झालाय."

वस्तादांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. सोडलं तेव्हा बोटांचे वळ उठले होते.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

पद्धत होती?

बाबा माझ्याशी बोलल्याशिवाय गेले, ते एका पद्धतीसाठी? त्याने माझ्यावर राग म्हणून केलं असतं, मला बुडवायचं म्हणून केलं असतं, तरी मी कोणीतरी झालो असतो. मी त्याला आठवतसुद्धा नाही. मी रोज त्याला शिव्या देत दात घासतो आणि त्याला माझे कुरळे केस आठवत नाहीत!

मी चूक केली. तुला अडवायला नको होतं. तो उंचवटा राहायला हवा होता. हाडापर्यंत जायला हवा होता.

तो परत कधी येणार ते कळव. मी येतो. त्याला मी आठवत नाही ना, आठवण राहील असं करतो. एक हात पुरे आहे.

चार दिवस नळापाशी गेलो नाही. काल दुकानासमोर उभा होतो. आत गेलो नाही, पण का गेलो नाही ते विचारू नकोस, कारण मला माहीत नाही. तारीख कळव.

तुझा भाऊ


४ सप्टेंबर

डावखुऱ्या,

तारीख कळवणार नाही. आलास तर दारातून परत पाठवीन, आणि तुझ्याहून माझे हात जास्त आहेत हे ध्यानात ठेव.

का आत गेला नाहीस ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, पण सध्या तू देवाशी बोलत नाहीस. बोलू नकोस. रुसून बस. फक्त उद्या पहाटे नळापाशी जा आणि जे खरं आहे ते सांग. सांग की मी माणूस मारायला निघालोय आणि माझ्याच्याने थांबवत नाही. छान शब्द शोधू नकोस. मी तर चेष्टेत म्हटलं होतं, तेही चाललं.

तू म्हणतोस अडवायला नको होतं. मलाही तसंच वाटतं, रोज, जेवताना, केस विंचरताना. तो "झकास" म्हणाला ते कानात आहे. आणि हे इथे संपत नाही. उरलेला पाय वर्षभर आटत जातो, सॉकेट सैल होतं, मग आत भर घालावी लागते, मग नवं करावं लागतं. जिवंत असेपर्यंत माणूस येतच राहतो. म्हणजे घोगऱ्या मरेपर्यंत माझ्या टेबलावर पाय सोडून बसणार, घड्याळ बघणार, आणि त्याला तिथे काही कळणार नाही. दर वेळी मला तेच करावंसं वाटणार. वस्ताद पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मनगट धरायला कुणी असणार नाही.

आज सकाळी तो आला होता. पट्टा घासतो म्हणून. वस्ताद रजेवर. खोलीत आम्ही दोघंच. त्याने पाय काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि मी देवाला म्हटलं, मला हा मेलेला हवाय. मी ह्याला क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही, तसं ढोंग तुझ्यापुढे करत नाही. माझ्यावर सोडलंस तर मी ह्याला सडवीन. सोडू नकोस.

मग पट्टा बदलला, कडा घासून गोल केली, कातडी बघितली. स्वच्छ होती. शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ मुलीला बोलावून तिच्याकडून तपासून घेतली, ती बिचारी गोंधळली. घोगऱ्या गेला.

तर असं आहे, डावखुऱ्या. माझा हात देवाने धरलाय. मनाचं अजून काहीच केलेलं नाही.

ताई